शकीला मॅडमचा दुसरा निर्णय

शकीला शेख आठवडाभर विमा कंपनीच्या कचेरीत बसतात आणि रविवारी बेसबॉलच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभ्या राहतात. शाळेपासून त्या सॉफ्टबॉल खेळायच्या. पुढे गुडघा गेला, पण मैदान काही सुटलं नाही. नवख्या अंपायर पूर्वाने हे सगळं ऐकलं होतं. त्यामुळे वाघोलीला मुलींच्या सामन्यात तिला त्यांच्या जोडीला अंपायर म्हणून उभं केलं, तेव्हा तिला दडपणच आलं.

धावा बरोबरीत होत्या. एक मुलगी धाव पूर्ण करायला धावत येऊन होम प्लेटवर घसरली. प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचर अक्षताने चेंडूसकट ग्लोव्ह तिला लावला. धुरळा उडाला. शकीला मॅडमनी मूठ उगारली. आऊट.

पण पहिल्या बेसपाशी उभ्या असलेल्या पूर्वाला वेगळंच दिसलं होतं. चेंडू ग्लोव्हमधून निसटला होता आणि अक्षताने तो झटकन उचलला होता. चेंडू सुटला, तर आऊट नाही. पण इतक्या वर्षांच्या अंपायरला आपण काय सांगणार?

धावत आलेल्या मुलीच्या प्रशिक्षकांनी दाद मागितली. मॅडमनी मास्क काढला आणि सगळ्यांदेखत चालत त्या पूर्वाकडे आल्या.

“ग्लोव्ह लागलेला मला दिसला. चेंडू अक्षताच्या अंगाआड होता. तुम्हाला दिसला?”

“सुटला होता, मॅडम.”

“नक्की?”

“नक्की.”

मॅडम परत गेल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. सेफ. धाव मिळाली.

अक्षताच्या संघाचे प्रशिक्षक पाटणकर सर लांबूनच म्हणाले, “दोन अंपायर, दोन निर्णय. सोय छान आहे.”

“पहिला चुकला होता, सर,” मॅडम एवढंच म्हणाल्या.

पूर्वाला वाटलं, आता भरपाई म्हणून काठावरचा एखादा चेंडू त्या स्ट्राइक ठरवून पाटणकरांच्या बाजूने देऊन टाकतील. माणूस आहे, देणारच. आणि तसा चेंडू आलाही. प्लेटच्या कडेला, जेमतेम बाहेरून. स्ट्राइक मिळावा म्हणून अक्षताने ग्लोव्ह तिथेच धरून ठेवला.

“बॉल,” मॅडम म्हणाल्या. म्हणजे स्ट्राइक नाही. निर्णय पुन्हा पाटणकरांच्या विरुद्ध. आवाज मघाचाच, ना चढलेला, ना ओशाळलेला. जणू दिवसातला पहिलाच चेंडू त्या बघत होत्या.

हे आपल्याला कधी जमेल का, पूर्वाला कळेना.

पाटणकरांचा संघ त्या एका धावेनेच हरला. सगळे पांगल्यावर अक्षता आली आणि खाली बघत म्हणाली, “मॅडम, चेंडू सुटला होता. मी बोलले नाही.”

“ते बघणं आमचं काम,” मॅडम म्हणाल्या. “ती मुलगी घसरत येऊन तुझ्या मनगटावर आदळली होती. मूठ वळतेय का, दाखव बरं.”