वहिनीचं लायसन

माझी वहिनी हुपरीच्या शाळेत शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर ती गाडी शिकली, आणि आजवर तिच्यामुळं एकही चलन आलेलं नाही. दादाचं अगदी उलट. सिग्नल तोडल्याची चलनं साठलेलीच होती, त्यात भरधाव जाताना तो सापडला आणि आरटीओनं त्याचं लायसन काही महिन्यांसाठी निलंबित केलं.

तरी एका रविवारी वहिनी माहेरी गेलेली बघून तो गाडी घेऊन जयसिंगपूरला गेला. येताना गाडी दुभाजकावर चढली. त्याचं खरचटण्यावर भागलं, पण गाडीचं तोंड पार आत गेलं.

दुसऱ्या दिवशी विम्याचा एजंट घरी आला. दादाचा शाळेपासूनचा मित्र. चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, गाडी तुमी चालवत हुता म्हणून लिवूया. तुमचं लायसन एकदम क्लीन हाय. कंपनी काय बोलणार न्हाय."

"क्लीन हाय ते काय उसनं द्यायला ठेवलंय व्हय?" वहिनी म्हणाली. "मी तिकडं आईच्यात जेवत बसलेली, आन् गाडी मीच चढवली म्हणून सही करू?"

"अगं, मग क्लेम मिळत न्हाय!" दादा ओरडला.

"न मिळू दे. गाडीत माझा पण पगार गेलाय की."

आणि क्लेम नाहीच मिळाला. गाडी कितीतरी दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली. वहिनी एसटीनं शाळेला जायची, कधी उभ्यानं. आठवडाभर दादा तिच्याशी धड बोलला नाही. ती मात्र त्याला एकदाही टोचून बोलली नाही. मला तिच्या नकाराइतकंच या गप्प राहण्याचं नवल वाटायचं.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हापासून वहिनी चालवायची आणि दादा तिच्या शेजारी बसायचा. लाल सिग्नलला तो सवयीनं म्हणायचा, "काढ की, कोण न्हाय." ती आरशात बघायची, मागचे हॉर्न ऐकायची आणि जागची हलायची नाही. हळूहळू त्याचं 'काढ की' बंद झालं.

परवा गडमुडशिंगीला एका लग्नात पाहुण्यांमध्ये असाच चलनांचा विषय निघाला. कुणीतरी हसत म्हणालं, "आपण घावलो तर सरळ बायकोच्या नावावर टाकायचं."

दादा पानावरून मान वर न करता म्हणाला, "आमची न्हाय घेत." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.