आमच्या गौरीचं फिकं पोवळं

मागच्या आठवड्यात आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं... आणि नेमकी आदल्या दिवशी गौरीच्या गळ्यातली पोवळ्यांची माळ फिकी पडली.

आमची गौर पितळेची. ती माळ सासूबाईंच्या सासूबाईंनी बांधलेली, आणि तिची गाठ सोडायची नाही हा घरचा नेम. एरवी सासूबाई माळेला धक्का न लावता गौर बोटांनी हळूहळू घासतात. यंदा हात दुखत होते, म्हणून त्यांनी गौरीला सरळ चिंचेच्या कोळात बसवलं... माळेसकट. गौर लखलखीत निघाली, पोवळी मात्र पांढुरकी आणि खरखरीत.

पोवळं फिकं पडलं की घरावर काहीतरी येतं, हे सासूबाईंच्या डोक्यात पक्कं. नई सडकेवरच्या सराफाकडून गुपचूप नवी माळ आणायला त्यांनी मला सांगितलं.

माझी मुलगी सई समुद्रातल्या प्रवाळांवर संशोधन करते. सध्या सुट्टीवर घरी आली आहे. ग्वाल्हेरच्या मुलीचं समुद्रात काय काम, हा तिच्या आजीचा जुना प्रश्न. कोणी विचारलं तर 'कम्प्युटरमध्ये आहे' असं सांगून त्या मोकळ्या होतात... सई हसण्यावारी नेते, पण तिला ते लागतं. आई आहे, मला कळतं.

तर सईने माळ पाहिली आणि आजीजवळ फरशीवरच बसली.

"आजी, अपशकुन वगैरे कुछ नहीं है. पोवळं म्हणजे एक प्रकारचा चुनाच. आंबट लागलं की झिजणारच ना."

मग ती सांगत बसली... ही लाल जात वेगळी आणि समुद्रात मोठमोठे खडक बांधणारे प्रवाळ वेगळे, पण दोघांचं घर चुन्याचंच. त्याचं सामान ते इवलेसे जीव पाण्यातून घेतात. आपल्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो आणि ते पाणीच हळूहळू बदलतं. चिंचेच्या कोळाइतकं आंबट काही होत नाही, पण सामान कमी पडायला लागतं. मग बांधकाम रेंगाळतं, कच्चं राहतं, लवकर झिजतं.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, की त्या जिवांना तिथून उठून दुसरीकडे जाता येत नाही का. नाही म्हणाली सई, एकदा चिकटले की तिथेच. त्यावर सासूबाईंनी माळेवरून हळूच बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी सराफाकडे निघाले, तर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, राहू दे, हीच असू दे. मला काही कळेना, पण सासूबाईंशी वाद घालायची आपली काय बिशाद!

संध्याकाळी सिटी सेंटर भागातलं आमचं घर बायकांनी भरलं. आंब्याची डाळ, पन्हं, गप्पा... आणि सासूबाईंच्या, गावातल्याच लष्कर भागात राहणाऱ्या जुन्या मैत्रिणीने माळेचं विचारलंच. मी सारवासारव करणार, तेवढ्यात सासूबाईंनी सईचा हात धरून तिला पुढे आणलं.

"मला काय विचारतेस? माझ्या नातीला विचार. पोवळ्यांची डॉक्टर आहे ती."

सईचे डोळे भरून आले, पण बोलायला लागली ती थांबेचना. अर्धं मराठी, अर्धं हिंदी... बायका पन्ह्याचे पेले हातात धरून ऐकत होत्या.

सईचा अभिमान मला रोजच वाटतो. त्या दिवशी सासूबाईंचा जास्त वाटला. माळ अजून तशीच फिकी आहे... आणि घरी कोणीही आलं की त्या स्वतःच ती दाखवतात.