ताईची किडनी आणि जुना विषाणू

किडनी मला माझ्या थोरल्या बहिणीने दिली आणि त्या दिवसापासून माझ्या पाणी पिण्यावर तिचा हक्क आला. ताई विश्रांतवाडीला राहते, मी सदाशिव पेठेत. रोज सकाळी तिचा फोन येतो, "किती ग्लास झाले?" मी कसा आहे, हे ती विचारत नाही.

ऑपरेशनला आठ महिने झाले आणि माझ्या रक्तात एक विषाणू सापडला. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, हा बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो आणि मग किडनीत निपचित पडून राहतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून मी गोळ्या घेत होतो. त्या गोळ्यांनी माझ्या प्रतिकाराच्या पेशी दबल्या होत्या आणि विषाणूचं फावलं होतं.

"म्हणजे हा माझ्याकडून आला?" ताईने विचारलं.

"शक्यता आहे."

"मी पाणी उकळून पिते," ताई म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "लहानपणी पेन्सिलसुद्धा द्यायची नाहीस, आता विषाणू मात्र न मागता." ती तरातरा पुढे जाऊन रिक्षाला हात करू लागली.

त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. गोळ्या कमी करायच्या, म्हणजे पेशी जाग्या होऊन विषाणूला आवरतील. फार जाग्या झाल्या तर मात्र किडनीवरच धावून जातील. ताईला हे लगेच कळलं. "आमच्या सोसायटीचा वॉचमन," ती म्हणाली. "झोपला तर चोर येतात, जागा असला तर मलाच अडवतो."

गोळ्या कमी केल्यावर तिसऱ्या महिन्यात किडनीचं काम मंदावलं. नक्की काय बिघडलंय ते बघायला सुई घालून किडनीचा छोटा तुकडा काढायचा ठरलं. त्या सकाळी फोन आला नाही, ताईच आली. बाकावर माझ्याशेजारी बसून पर्सची चेन उघडत मिटत राहिली.

"दुखेल का रे?"

"तुझीच आहे, तुला माहीत."

बोललो आणि पस्तावलो. तिचे डोळे भरले होते.

"मी चांगलीच दिली होती," ती हळूच म्हणाली.

"चांगलीच आहे," मी म्हटलं आणि नाव पुकारेपर्यंत तिचा हात धरून बसलो. आमच्या घरात असलं कुणी करत नाही.

रिपोर्टात शरीराने किडनी नाकारल्याची खूण नव्हती. विषाणूने थोडं नुकसान केलं होतं, इतकंच. गोळ्या आणखी कमी झाल्या. मग हळूहळू पेशींनी त्याला ओळखायला घेतलं, आकडे उतरू लागले. वर्षभराने तो इतका कमी उरला की मोजताच येईना.

"पूर्ण जाईल असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासत राहायचं."

"राहू दे," ताई म्हणाली. "गप्प बसणार असेल तर आमचं काही म्हणणं नाही."

पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी मला न विचारता तिच्याशी बोलून ठरवली. गुरुवार सोडून, कारण गुरुवारी तिचं भजनी मंडळ असतं.