एक रिकामा गोल

बोईसरच्या आमच्या फ्लेक्सवाल्याला बोलताना हात थांबवता येत नाही. तोंड आणि माऊस बरोबरच चालतात, आणि काही आवडलं की तो तीनदा ‘बघा’ म्हणतो. वाढदिवसांचे हजारो बॅनर त्यानं केलेत. वर साहेबांचा मोठा फोटो, खाली गोलांमध्ये शुभेच्छुकांचे चेहरे, ही रचना त्याच्या बोटांतच बसली आहे.

आमच्या ‘आपली गोष्ट’ मोहिमेची पोस्टरं करायला मी त्याच्याकडे गेले. साध्या माणसाचा फोटो आणि शेजारी त्याच्याच शब्दांतली गोष्ट, एवढंच हवं होतं. पहिल्या पोस्टरवर मनोरला भाजी विकणारी आजी होती. सवयीनं त्यानं खाली पाच गोल टाकले.

“ताई, शुभेच्छुक कोण हाय?”

“कोणी नाही. गोल काढा सगळे.”

चार काढले. मग तो आजीची गोष्ट वाचू लागला आणि त्याचा माऊस चक्क थांबला. शेवटची ओळ होती, ‘माझा एकटीचा फोटो आज पहिल्यांदा काढला.’

“हा एक राहू द्या. बघणारा आपला फोटो चिकटवेल. त्याची पण गोष्ट हाय ना? बघा, बघा, बघा!”

मी खुर्चीतून उठलेच! मोहीम सगळ्यांची कशी व्हावी, यावर आम्ही महिनाभर डोकेफोड करत होतो.

दुसऱ्या दिवशी पोस्टर त्याच्याच दुकानाच्या दारात लागलं. संध्याकाळी मी धावतच गेले. गोल भरला होता. पासपोर्ट आकाराचा फोटो, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. खाली त्यानं पेनानं लिहिलं होतं, ‘हजारो बॅनर केले. या एकावर मी हाय.’