पहिली वाचक अवादिया

अवादियाच्या घरी सकाळी इशराकाचं नाव निघालं नाही, असा दिवस क्वचितच उजाडे. नाव काढणारं कुणी परकं नव्हतं, तिचीच बावीस वर्षांची, प्रयोगशाळेचंच शिक्षण घेणारी लेक होती, तसाबीह. लगीमातचे तळलेले गोड गोळे दुधाच्या चहात बुडवत ती मोबाइल बघायची आणि म्हणायची, "यम्मा, मावशीचा पेपर चारशे बारावर गेला. परवा चारशे नऊ होता."

"कशाचे चारशे बारा?" अवादिया दर वेळी विचारायची, जणू तिला माहीतच नाही.

"अगं, चारशे बारा शोधनिबंधांत तिचा दाखला दिलाय. मलेरियावर काम करायचं तर आधी मावशीचा पेपर वाचावाच लागतो."

"त्या चारशे बारांतला एक तरी येऊन या कपबश्या विसळणार आहे का? ऊठ."

सुदानमधल्या वाद मदनी शहराच्या मलेरिया प्रयोगशाळेत अवादिया सव्वीस वर्षं रक्ताच्या स्लाइड वाचत होती. ती आणि इशराका एकाच महिन्यात नोकरीला लागल्या, एकाच बाकावर बसल्या. तेव्हाचे साहेब सगळ्यांदेखत म्हणायचे की नजर अवादियाची, इशराकाचं अक्षर बरं. पुढे परदेशच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आली. त्याच आठवड्यात अवादिया बाळंत झाली. इशराका परीक्षेला बसली, चार वर्षांनी डॉक्टर होऊन परतली आणि त्याच प्रयोगशाळेत अवादियाची साहेब झाली. तसाबीहला मात्र ती मावशीच. दर ईदला नवा फ्रॉक आणणारी, आणि पोरीला पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावणारीही तीच. आईच्या मनात होतं, ते आपण करावं. पण आई त्या दिवशी कामात होती.

इशराकाचा तो गाजलेला पेपर कालव्याकाठच्या एका गावाबद्दल होता. कोरड्या महिन्यांत गावातल्या मुलांचं रक्त स्वच्छ असतं, ताप पावसाबरोबर बाहेरून नव्याने येतो, असं त्यात सिद्ध केलं होतं. त्याच्या आधारावर कितीतरी गावांतली कोरड्या दिवसांतली तपासणी बंद झाली. माणसं, औषधं, सगळं पावसाळ्यासाठी राखून ठेवलं गेलं. त्या पेपरासाठी साडेसहाशे स्लाइड पहिल्यांदा वाचल्या अवादियाने. पेपर छापून आला तेव्हा तिने तो बोट फिरवत शेवटपर्यंत पाहिला. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: स्लाइड वाचणाऱ्या तंत्रज्ञांचे त्यांच्या चिकाटीबद्दल आभार.

"चिकाटी डिंकाला असते," ती तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती. "माणसाला नाव असतं."

यंदाच्या उन्हाळ्यात कसला नावाच्या शहरातून एका तरुण संशोधकाचं पत्र आलं. नव्या तपासणीत त्याला कोरड्या महिन्यांतही मुलांच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडले होते. अगदी थोडे, ताप न आणता गुपचूप बसलेले. तुमच्या जुन्या स्लाइड पुन्हा बघता येतील का, असं त्याने अदबीने विचारलं होतं.

इशराकाने लाकडी पेट्या कोठीतून काढायला लावल्या आणि स्वतः बाकाशी आली. साडीसारखा अंगाभोवती गुंडाळलेला कडक इस्त्रीचा मोरपंखी तोब, डोक्यावरून जरा मागे सरकलेला. अवादिया मनात म्हणाली, हिच्या घरी इस्त्रीला बाई आहे.

"अवादिया, पहिलं वाचन तू कर. मला दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांचा भरवसा नाही. दुसरं तसाबीह करेल. एकमेकींचं बघायचं नाही."

"तिला कशाला? तिची परीक्षा आहे."

"तीच माझ्या मागे लागलीये. तुला बोलली नाही?"

तसाबीह बोलली नव्हती.

भिंगाखाली एका वेळी जेवढा गोल दिसतो त्याला तिथे फील्ड म्हणतात. असे दोनशे फील्ड पाहिल्याशिवाय स्लाइडला स्वच्छ म्हणायचं नाही, हा नियम. पहिले दोन दिवस सगळं स्वच्छ निघालं. तिसऱ्या दिवशी एका स्लाइडवर, एकशे त्रेसष्टाव्या फील्डमध्ये, जांभळट कडी आणि तिच्यावर लाल टिंब. रंगाचा गाळ नव्हे, धूळ नव्हे. जंतू.

अवादियाने पुन्हा पाहिलं. मग मायक्रोस्कोपचा दिवा मालवला, बाहेर चहावालीकडे गेली आणि आल्याची कॉफी मागवून बुटक्या स्टुलावर ऐसपैस बसली. एरवी ती उभ्याउभ्या चहा पिऊन पळायची.

"काय गं, लेकीचं लग्न ठरलं की काय?" चहावालीने विचारलं.

"काही नाही. आज कॉफी चांगली झालीये."

संध्याकाळपर्यंत आणखी सहा सापडल्या. घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. म्हणजे चारशे बारा जणांनी खोट्याचा दाखला दिला. आता तसाबीह मावशीचं कसलं कौतुक सांगेल? हे ऐकताना त्या पोरीचं तोंड कसं होईल, हे अवादियाने वाटेत तीन वेळा रंगवून पाहिलं आणि तीनही वेळा तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने सापडलेल्या स्लाइड ओळीने लावल्या. काचेच्या कडेला हिऱ्याच्या टोकाने कोरलेल्या तारखा होत्या, तिच्याच हातच्या. सगळ्या एकाच अकरा दिवसांतल्या, कालव्याला अगदी लागून असलेल्या वस्तीतल्या मुलांच्या. आधीच्या-नंतरच्या जेवढ्या वाचून झाल्या होत्या, तेवढ्या स्वच्छ.

ते अकरा दिवस तिला आठवत नव्हते असं नाही. तसाबीह पाच वर्षांची होती आणि तापाने फणफणली होती. शेजारणीच्या ओसरीवर निजलेली, पोटात पाणी ठरेना. दुपार व्हायच्या आत घर गाठायचं म्हणून अवादिया शंभर फील्ड बघायची, वहीत दोनशे लिहायची आणि पुढची स्लाइड घ्यायची. दुसरं वाचन इशराकाचं होतं. तिने मायक्रोस्कोप पुढेसुद्धा ओढला नव्हता. "तू पाहिलंस ना? मग मी वेगळं काय बघणार? जा, पोरीकडे जा," असं म्हणून तिने सही केली होती.

वहीत ते काही लिहिलेलं नव्हतं. जगाच्या लेखी पेपर डॉक्टर इशराकाचा आणि चूकही तिचीच. अवादियाने फक्त गप्प राहायचं होतं. ती दोन दिवस राहिली. ज्यात माझं नाव नाही त्या पेपरातल्या चुकीवर माझं नाव कशाला, असं ती स्वतःला समजावत होती. तरी त्या दोन दिवसांत तिला कॉफी गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी तसाबीह बाकावरून उठून आली, डोळे भरलेले. तिलाही सापडल्या होत्या.

"यम्मा, आता मावशीचं काय होईल?"

"मावशीचं काही होत नाही. ती पडली तरी गादीवर पडते."

"असं काय बोलतेस? तिचं सगळं आयुष्य आहे त्या पेपरात."

अवादियाने पुढची स्लाइड भिंगाखाली सरकवली. आपलंही आहे, हे लेकीला सांगायला तिला लाज वाटली.

दुपारी इशराकाने तिला खोलीत बोलावलं आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. त्याच नियतकालिकाला पाठवायची दुरुस्ती लिहून तयार होती. कोरड्या महिन्यांतही जंतू असतात, आमचा निष्कर्ष चुकला, तपासणी पुन्हा सुरू व्हावी. दुसरं वाचन माझं होतं, मी ते केलं नाही, जबाबदारी माझी.

"तारखा पाहिल्या मी," इशराका हळूच म्हणाली. "पोरीचा ताप मलाही आठवतोय. तुझं नाव कुठेच येणार नाही. काळजी करू नकोस."

अवादियाने सगळं दोनदा वाचलं.

"म्हणजे माझी चूकसुद्धा तूच घेणार?"

"अगं, मी तुला वाचवतेय."

"सतरा वर्षं वाचवतेयस. बरोबर होतं तेव्हा आभारात घातलंस, आता चुकलं तर तिथूनही काढलंस. मग मी त्या बाकावर बसले होते की नाही?"

"लोक काय म्हणतील कळतंय का तुला? खोटा आकडा लिहिला म्हणतील."

"लिहिलाच होता. तूही लिही. पहिलं वाचन अवादिया अल-तय्यिब, शंभरावर थांबली, वहीत दोनशे लिहिले. आणि सतरा वर्षांनी तिनेच शोधून काढलं. हे दुसरं विसरू नकोस."

इशराकाने बराच वेळ चष्मा पुसला. मग लिहिलं. अवादिया मागे उभी राहून एकेक अक्षर बघत होती.

"आता वरची नावं," इशराका म्हणाली. "तुझं माझ्या खाली घालते."

"खाली का? आधी वाचलं कुणी?"

इशराकाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि हसली. एका दमात तिने स्वतःचं नाव उचलून शेवटी टाकलं. अवादिया अल-तय्यिब पहिली, मध्ये तसाबीह. इतकी वर्षं मनात धरलेली जागा अशी सहज मिळाली, तेव्हा अवादियाला भांडण अर्धवट राहिल्यासारखं वाटलं.

घरी तिने भेंडीचा रस्सा चुलीवर असतानाच लेकीला सांगितलं, चूक आधी आणि नावांचं नंतर. चुकीबद्दल ऐकून तसाबीह आईचा हात धरून बसली. त्या दिवसांतला ताप आपला होता, हे तिला नव्यानेच कळत होतं. मग तिने डोळे पुसले.

"आणि मावशीचं नाव कितवं?"

"शेवटचं," अवादिया म्हणाली. आवाज साधा ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला.

"ते बरोबर आहे. पेपरात पहिलं नाव काम करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं सगळ्यात मोठ्या माणसाचं. आता ती मोठ्यांत गेली, यम्मा."

अवादिया रस्सा ढवळायची थांबली. इशराका का हसली आणि इतक्या हलक्या हाताने का सरकली, ते तिला आत्ता कळलं.

"असू दे," ती म्हणाली. "काम मीच केलं." आणि तिने रश्श्यात मिरची जरा जास्तच घातली.