डाव्या डोळ्याची सुई

ही वही कोणी उघडलीच, तर शुद्धलेखनाला आणि या वाकड्या अक्षराला माफ करा. चौथीनंतर माझी शाळा सुटली. बाकी कशाचीही माफी मी मागत नाही.

आधी डाव्या डोळ्याची खालची पापणी फडफडायची. मग गाल ओढायला लागला, मग ओठाचा कोपराही. मी डिचोलीच्या बाजारात कोकमाची सोलां, म्हणजे आमसुले, विकायला बसते. एका गिऱ्हाइकाला वाटले, मी डोळाच मारला. तो हसत पुन्हा पुन्हा यायला लागला. तेव्हापासून मी पदर गालावर ओढून, दातांत धरून वजन करायची.

सासूबाईंनी देवळात कौल लावला, दृष्ट काढली. शेवटी पणजीच्या डॉक्टरांनी सांगितले, मेंदूजवळ एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर टेकते, त्याने हे होते. डोळ्याभोवती बारीक सुईने औषध द्यायचे. तीन-चार महिने पुरते, मग पुन्हा. खाण बंद पडून नवऱ्याचा ट्रक दारात उभा होता. सुरुवातीच्या सुयांचे पैसे धाकट्या दिराने दिले.

आठवड्याभरात गाल शांत झाला. सुईनंतर काही दिवस चहा ओठातून थोडा गळायचा, तेही थांबले. त्या दिवशी मी आरशासमोर बसून जेवले.

महिने सरले आणि पापणी पुन्हा उडू लागली. चतुर्थीला सगळे घर गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधत होते. भावजी सर्वांदेखत म्हणाले, "वैनी, डोळो परत उडाक लागलो? माझे पैसे गेले पाण्यात! नट्या सुरकुत्यांक घेतत ता इंजेक्शन तुमका कित्याक?"

मी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "भावजी, सोलांक एकदाच रस लावन पुरे जाता? लावचो, सुकवचो, परत लावचो. पयलो रस फुकट गेलो म्हणता कोण?"

"सोलां विकून पैसे येतत. ह्या तोंडाचे पैसे माझे, विसरू नकात."

सगळे हसले. नवराही हसला.

माझ्या तोंडाला मालक नको होता. मी शेजारणींच्या कोकमांचीही सोलां करायला घेतली. उन्हात अंगण काळे-लाल व्हायचे. सुई मात्र सोडली नाही. पुढच्या सुईची वेळ आली की एकटीच पणजीची बस धरायची. उरलेल्या कमाईतून भावजींचे देणे थोडे थोडे फेडायची. नवरा म्हणायचा, "घरचेच पैसे. परत कित्याक करतंस? भावाक राग येतलो."

"येऊं दी."

पदरही मी सोडला. औषध उतरले की डोळा उडतो, तसा उडू देते. कोणी बघत राहिले तर सांगते, "आजार आसा. सोलां व्हयी?"

यंदाची सोलां खपल्यावर देण्याचे उरलेले पैसे घेऊन दिराच्या घरी गेले. ते हात मागे घेत म्हणाले, "इतकी घाई कित्याक, वैनी?"

"मोजा."

त्यांनी मोजले. त्यांच्या तोंडून "पुरे" येईपर्यंत मी उंबऱ्यावर उभी राहिले. त्यांचे सगळे पैसे फिटले.