वादळाला दिलेला पत्ता

तुम्ही हसाल. हसा, पण आधी ऐकून घ्या. माझ्या हातून घोळ बरेच झालेत, आमटीत साखर दोनदा पडलीय, पण त्यातला एक अजून गिळला जात नाही. मी एकदा वादळ वळवलं होतं. म्हणजे निदान पनवेलात, आमच्या आळीत, तसं सगळ्यांना वाटत होतं. आणि सगळ्यांत जास्त मला.

नव्वदच्या दशकातला जून होता. अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलंय, किनाऱ्याकडे सरकतंय, असं रेडिओवर सकाळ-संध्याकाळ सांगत होते. आमचे हे उरणच्या बाजूला बंदरात नोकरीला. वादळ म्हटल्यावर रजा रद्द, मुक्काम तिथंच. निघताना म्हणाले, "काळजी करू नकोस, आमची इमारत पक्की आहे." आता मला इमारतीचं काय करायचं होतं? मला माणूस परत हवा होता.

मी पडले नवसाची बाई. सोळा सोमवार झाले, संकष्टी कधी चुकली नाही. ह्यांच्या मते आमच्या घरात चुलीपेक्षा समई जास्त जळते. तर मी देव पाण्यात ठेवले. म्हणजे बाळकृष्णाला तांब्याच्या गडव्यात बुडवला आणि सांगितलं, काम झाल्याशिवाय बाहेर काढायची नाही. तेवढीच त्यालाही घाई होते.

आणि माझा एक नियम होता. नवस मोघम बोलायचा नाही. माझ्या मावशीने "या घरात पाळणा हलू दे" असा मोघम नवस केला होता. हलला की पाळणा, जावेचा. देवाची काय चूक? त्याला नीट सांगायला नको?

म्हणून मी सुषमाला, माझ्या लेकीला, भूगोलाचा नकाशा आणायला सांगितला. नववीत होती ती.

"वादळ आत्ता कुठं आहे गं?"

"हे इथं. आणि आपण इथं." मध्ये जेमतेम बोटभर जागा.

"मग ह्याला असं वरच्या अंगाने जाऊ दे," मी बोट फिरवून दाखवलं.

"आई, वर गुजरात आहे. कच्छ."

"असू दे. तिकडे वाळवंटच आहे ना सगळं?"

"रण आहे ते."

"तेच ते. रिकामंच असेल."

हे शब्द माझे. आजही ऐकू येतात मला.

गडव्यापुढे नकाशा उघडा धरला, त्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "बाळकृष्णा, इथून उचल, इथं आणू नकोस, तिथं ने. मी अकरा सोमवार अळणी जेवीन." पोस्टमन चुकेल एक वेळ, पण देव चुकायचा नाही, इतका स्वच्छ पत्ता दिला मी.

तिसऱ्या दिवशी वादळ वळलं. तिथंच गेलं.

आता काय सांगू, मी जमिनीवर नव्हते. बाळकृष्णाला बाहेर काढून पुसला, किलोभर रव्याचा शिरा केला आणि आळीभर वाटला. भजनी मंडळात तर नकाशा घेऊनच गेले. कुठे बोट ठेवलं होतं ते तीन वेळा दाखवलं. बायका बोटाकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. हे घरी आले, शिरा खाल्ला आणि म्हणाले, "अगं, वादळं वाऱ्याने वळतात."

"आणि वाऱ्याला कुणी सांगितलं?"

यावर त्यांनी आणखी शिरा वाढून घेतला. त्यांनी वाद घालायला हवा होता असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी जनाबाय आली. गव्हाणची. दरवर्षी पावसाच्या तोंडावर आमच्याकडे सुकट, बोंबील आणि मीठ घेऊन यायची. त्या दिवशी डोक्यावर टोपली नव्हती. पायरीवर बसली आणि म्हणाली, "वैनी, वादळ तुमी वळवलंव ना?"

मला वाटलं, पाया पडायला आली. मी पदर सावरून बसले. "त्याची कृपा गं. मी फक्त बोलले."

"आमचा मानूस तिकडं हाय."

"कुठं?"

"कच्छात. मिठागरावं."

त्यांच्या गावची मिठागरं नव्या शहराच्या कामात गेली होती, हे मला माहीत होतं. पण मीठ पिकवणारी माणसं कुठं गेली, ते कधी मनात आलं नव्हतं. काशिनाथ, तिचा नवरा, दोन वर्षं तिकडे जात होता. आठ दिवसांत परत यायचा होता.

"तुमाला ठाव नव्हता, तुमचा काय दोस," जनाबाय म्हणाली. रागावली नव्हती ती, तेच वाईट होतं. "आता परत बोला देवाला. तुमचं ऐकतो तो."

बघा माझी गत. मी वादळ वळवलंच नाही म्हणावं, तर आळीभर खोटं बोलत फिरले. वळवलं म्हणावं, तर तिच्या नवऱ्याच्या अंगावर मीच घातलं. ह्यांनी आतून खूण केली, सांग तिला वाऱ्याचं. माझ्या तोंडून निघालं, "बोलते हो."

बाळकृष्ण पुन्हा गडव्यात गेला. सुषमाने विचारलं, "आई, नकाशा देऊ?" मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मोघम बोलले. "तुला कळेल तसं कर," एवढंच.

पेपरात फोटो यायला लागले. मिठागरं कुठली आणि समुद्र कुठला ते कळत नव्हतं. एका फोटोत ओळीने काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. मी तो पेपर जनाबायच्या नजरेला पडू दिला नाही. तसं तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो वाचायला काय लागतं?

रोज सकाळी ती गव्हाणहून यायची आणि आम्ही दोघी एसटीडी बूथवर जायचो. मुकादमाचा नंबर तिने लुगड्याच्या गाठीला बांधून ठेवला होता. मी फिरवायची, आणि तिकडून एक बाई हिंदीत सांगायची की या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत.

"काय म्हनते ती?"

"लाइन मिळत नाही म्हणते."

"ती तिकडंच बसलेली हाय ना? मग तिला इचारा, पानी उतरला का."

मी रिसिव्हर कानाशी धरून त्या टेपवरच्या बाईला खरंच विचारलं. जनाबायसमोर दुसरं काय करणार? बूथवाला तोंड फिरवून बसला.

असे नऊ दिवस गेले. आळीतल्या बायका आता वादळाचा विषय काढत नव्हत्या. भजनाला मी मागच्या रांगेत बसायला लागले.

दहाव्या दिवशी काशिनाथ आला. दारात जनाबाय नारळ घेऊन उभी, तिच्यामागे तो. कुणाचा तरी सदरा अंगात, हातांची सालं गेलेली. जनाबायने माझे पाय धरले. "तुमी आनलाव वैनी त्याला." वादळ मी पाठवलं आणि नवराही मीच आणला, दोन्ही माझ्याच नावावर. मी तिला उठवलं आणि काशिनाथला चहा दिला.

त्याने कप दोन्ही हातांनी धरला. मग आपणहून बोलला. "पानी आलं तसं आमी मिठाच्या ढिगावं चढलो. उंच व्हता. वाटलं, वाचलो. मंग ढीगच पायाखाली इरघळाया लागला." त्याने चहाचा एक घोट घेतला. "मला टँकरची शिडी गावली. अकरा जण व्हतो वैनी. चौघं आलो."

मी जोडलेले हात कुणाकडे करावे ते मला कळेना.

चहा संपवून तो उठला. चप्पल घालता घालता थांबला. चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता. एखाद्या कामाच्या माणसाला काम समजावून सांगावं तसं म्हणाला, "वैनी, फुडच्या टायमाला वादळ वळवायच्या आदी जरा इचारत जावा. कोन कुठं हाय ते."

तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की नाही, बाबा रे, मी कोण वळवणारी? सगळं खरं सांगून टाकायची एवढी चांगली संधी देवाने समोर उभी केली होती.

मी म्हणाले, "हो, विचारीन."